राखेवर गाडी घातली तो दिवस

राखेची चव मला लहानपणापासून माहीत आहे. आमची वस्ती नागपूरच्या उत्तरेला, मानकापूर सोडून बरंच पुढे, राखेच्या बंधाऱ्याला लागून आहे. वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याची राख पाण्यात कालवून मोठाल्या पाइपांतून या बंधाऱ्यात आणून सोडतात. पाणी निथळतं, राख उरते. वारा सुटला की ती माठाच्या झाकणावर बसते, वाळत घातलेल्या शर्टावर बसते आणि जेवताना दाताखाली बारीक कचकचते. त्याची सवय होते. पण त्या दिवशी तोंडात गेलेल्या राखेची किळस अजून गेलेली नाही. ती राखेची किती आणि माझी स्वतःची किती, हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रोजेक्टच्या गटात आम्ही तिघं होतो आणि विषय मीच सुचवला होता: रोजच्या वापरातली फोर व्हील ड्राईव्ह गाडी कच्च्या जागेवर कुठवर जाते आणि कुठे हात टेकते. गाडी आमच्यातल्या एकाच्या वडिलांची. ते रोज ती घेऊन आपल्या दवाखान्यात जात. आत मोगऱ्याचा सेंट इतका मारलेला असे की माझं डोकं दुखायचं. दुसरा मित्र मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. टेप, वही आणि लाकडी खुंट्या माझ्याकडे.

गाडीची मर्यादा मला खरंच समजून घ्यायची होती. मुरमाच्या खदानीत ती किती चढ चढते ते आम्ही पाहिलं. एका नाल्यात पाणी दाराच्या खालच्या कडेला लागेपर्यंत नेली. एका खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी राहिलं आणि अधांतरी चाकंच गरागरा फिरत राहिली, जमिनीवरची दोन्ही गप्प. मी वहीत लिहिलं, "चारही चाकांना ताकद मिळते, हे नेहमी खरं नाही." माझ्या दोन्ही मित्रांना हे वाक्य फार विनोदी वाटलं. ते आठवडाभर कॅन्टीनमध्ये म्हणत राहिले, "भाई, चहा दे. चारही चाकांना ताकद मिळते, हे नेहमी खरं नाही."

शेवटची चाचणी मऊ जमिनीवरची होती. मी राखेचा बंधारा सुचवला. राख सगळीकडे सारखी असते, तिच्यात दगड नसतात, चाक किती बुडालं ते नेमकं मोजता येतं. शिवाय बंधाऱ्याच्या गेटवर माझे बाबा होते. ते ठेकेदाराकडे कामाला होते. नोकरी तोंडी, कुठे कागद नाही. आधी ते बारा वर्षं, पाइप कुठे गळतो ते पाहत, पाइपलाईनवर चालले होते. गुडघे गेल्यावर मोठ्या मिनतवारीनं ही गेटची साखळी उघडायची आणि लावायची बसून करायची नोकरी मिळाली होती. ती गेली असती तर दुसरी मिळण्यासारखं त्यांचं वय नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, उद्या कॉलेजचं काम आहे. गाडी आत सोडता येईल का? सरांचं पत्र आहे माझ्याकडे."

बाबांनी पत्र हातात घेतलं, सही पाहिली, शिक्का पाहिला. "कालेजचं काम हाय तं सोडाच लागंल ना गा," ते म्हणाले. मग बराच वेळ पत्राची घडी करत बसले. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटतोय. तसा तो वाटतही असेल.

सकाळी मित्रांनी मला मोठ्या रस्त्यावरून घेतलं. माझं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी "कॉलनीत राहतो" असं सांगितलं होतं, आणि कॉलनी म्हटल्यावर त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

"आत कोण सोडणार बे?" गाडीवाल्या मित्रानं विचारलं.

"गेटवर ओळखीचे काका आहेत," मी म्हणालो.

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो, पण ते अडखळतही आलं नाही.

गेटपाशी त्यानं काच खाली केली. "अंकल, साखळी खोला ना. हा म्हणत होता तुम्ही याच्या ओळखीचे."

बाबांनी आत वाकून पाहिलं. मी मागच्या सीटवर मांडीवर वही धरून बसलो होतो. "हे माझे बाबा" एवढंच म्हणायचं होतं. मी वही उघडली आणि तिच्यात पाहू लागलो.

"हो साहेब," बाबा म्हणाले. "वळखीचे हायेत."

त्यांनी साखळी सोडली. गाडीच्या मागून तेही बांधावरून चालत आले. मी पूर्वेचा कोपरा ठरवून ठेवला होता. तिथे राख कित्येक महिने वाळलेली होती आणि बेशरमाची झुडपं वाढली होती. पण मित्राला मधला मोकळा पट्टा दिसला. लांबवर सपाट, करडा, उन्हात भेगाळलेला. "इथे मजा येईल," तो म्हणाला.

बाबा पुढे झाले. ते मित्राशी बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमी तिकडं नका जाऊ. परवापासून पाणी त्याच बाजूनं सोडून राहिले. वरून सुकं दिसते, खालून सारा गारा हाय, चिखल."

बाबा मला "तुमी" म्हणाले. माझ्या कानात तेवढंच राहिलं, बाकीचं नीट ऐकूच आलं नाही.

"टेन्शन नका घेऊ अंकल," मित्र म्हणाला. "फोर बाय फोर आहे."

मला पक्कं माहीत आहे, ते माझे बाबा म्हणून तिथे उभे असते तर त्यांनी मला दंडाला धरून खाली ओढलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या आणि गाडीची किल्ली काढून खिशात टाकली असती. पण मी त्यांना गेटवरचे काका केलं होतं. गेटवरच्या काकांना साहेबांना एकदाच सांगता येतं. ते त्यांनी सांगितलं आणि बाजूला झाले. पाणी कुठल्या पाइपातून सुटतंय हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही, हे मला माहीत होतं, तरी मी खुंटी आणि टेप घेऊन उतरलो आणि गाडीला हातानं इशारा केला.

पहिले काही पल्ले ठीक गेले. मग वरचा पापुद्रा पापडासारखा फुटला आणि गाडीचं नाक खाली गेलं. आमचा नियम होता, चाकाची रिम अर्धी बुडाली की थांबायचं. मी ओरडलो, "थांब, अर्धी गेली." त्यानं उलट ॲक्सिलरेटर दाबला. चारही चाकं फिरली, टायरच्या खाचा राखेनं भरून चाकं गुळगुळीत झाली आणि काळपट लगदा माझ्या तोंडावर, उघड्या तोंडात आला. कुजलेल्या पाण्याचा वास होता त्याला. मी थुंकत राहिलो. तेवढ्यात गाडीचं पोट राखेवर टेकलं. पोट टेकलं की चाकांवर वजनच उरत नाही. मग दोन चाकं फिरवा की चार फिरवा, गाडी तिथेच. मला हवी होती ती मर्यादा सापडली होती.

मित्रानं दार उघडलं तसा लगदा आत शिरला, पायाखालच्या गालिच्यावर पसरला. त्यानं पाय वर घेतले. "पप्पा जीव घेतील," तो म्हणाला, आणि सीटवर उकिडवा बसून राहिला. दुसरा टपावर चढून व्हिडिओ काढत हसत होता.

बाबा पँट न दुमडताच आत आले. गुडघ्यापर्यंत. त्याच गुडघ्यांपर्यंत. आम्ही दोघं हातानं चाकांभोवतालचा लगदा उपसू लागलो. तो उपसावा तेवढा परत भरत होता.

"अंकल, त्या बाजूनं काढा ना थोडं," सीटवरून सूचना आली.

"अंकल, एक मिनिट इकडे बघा," टपावरून आवाज आला. "मस्त येतंय."

आणि बाबांनी खरंच वर पाहिलं. कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं की नीट बघायचं, असं त्यांना वाटतं. कपाळावर राख, पापण्यांवर राख. मला त्या क्षणी त्या दोघांची किळस आली, मोगऱ्याच्या सेंटची आली, त्या लगद्यात चाचपडणाऱ्या माझ्या हातांचीही आली. मी तरीही "अरे, खाली उतरा" असं म्हणालो नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "असं नाही निंघत. पट्टा लागंल." ते पाइपलाईनवरच्या एका माणसाला घेऊन गेले आणि थोड्या वेळानं दोघं मिळून कोळशाच्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा ओढत आले. आमच्याकडे हे भंगारातले पट्टे सगळीकडे वापरतात. दारात पायपुसणं म्हणून, छपरावर, आणि राखेवरून चालायचं झालं तर पायाखाली. त्या पट्ट्याच्या कडेला निळा रंग लागलेला होता. तो पट्टा आमच्या शेळ्यांच्या गोठ्यावरचा होता. बाबांनी आमचंच छप्पर काढून आणलं होतं.

मी टायरमधली हवा कमी केली. पट्ट्याचे दोन तुकडे करून चाकांमागे कोंबले. फोर-लो, म्हणजे सगळ्यात हळू आणि जोरकस गिअर, टाकून, ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून, इंच इंच मागे घ्यायला लावलं. गाडी निघाली. टपावरचा मित्र टाळ्या वाजवू लागला. मला पुस्तकातलं सगळं आठवलं होतं, आणि बाबांना राख माहीत होती. दोन्ही मिळून ती गाडी निघाली, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

गाडी बांधावर येते न येते तोच ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवर आला. नवा होता, आमच्या वस्तीत कधी आलेला नव्हता. त्यानं आधी मोबाईल मागून घेतला आणि समोर उभं राहून व्हिडिओ पुसायला लावला. मग बाबांकडे वळला.

"कोणी सोडलं आत?"

"मीच साहेब. कालेजचे पोरं हायेत. चिठ्ठी हाय त्यायच्याजवळ."

"घरचे नाहीत ना कोणी? मागं एकानं साळा आत घेतला आन् लोखंड गेलं. तेव्हाच सांगतलं होतं, घरचा मानूस आत दिसला का दुसऱ्या दिवशी काम बंद."

हा नियम बाबांना माहीत होता. मला नव्हता. आदल्या संध्याकाळी ते पत्राची घडी इतका वेळ का करत होते, ते मला तिथे उन्हात उभं राहून कळलं.

"नाही साहेब," बाबा म्हणाले.

मी पुढे एक पाऊल टाकलं होतं. मला सांगायचं होतं, हे माझे बाबा आहेत. सकाळपासून पहिल्यांदा ते सांगायची खरी ताकद आली होती, आणि आता सांगितलं असतं तर त्यांचं काम गेलं असतं. मी लाजेपोटी जे खोटं बोललो होतो, तेच त्यांची नोकरी धरून उभं होतं. ते तसंच धरून ठेवणं एवढंच मला करण्यासारखं उरलं होतं.

सुपरवायझरनं पत्र वाचलं. "यात नावं नाहीत." त्यानं पत्र उलटं केलं आणि पेन दिलं. "मागं लिहा. तिघंही. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट."

दोघांनी लिहिलं. पेन माझ्याकडे आलं. माझ्या नावानंतर बाबांचं नाव येतं, आणि त्यापुढे आमचं आडनाव. रोज हजेरीपटावर बाबांचं नाव वाचणारा माणूस माझ्या हातावर नजर ठेवून होता. मी माझं नाव लिहिलं आणि थांबलो.

"हे साहेब वर्ध्याचे हायेत म्हने," बाबा सुपरवायझरला म्हणाले. "होस्टेलवर राह्यतात." मग माझ्याकडे वळून, अगदी गेटवरच्या माणसाच्या आवाजात: "लिहून टाका साहेब. ऊन होऊन राहिलं."

मी लिहिलं. माझ्या नावापुढे एका अनोळखी माणसाचं नाव, आणि कोणाचं तरी आडनाव. कागदावर राखेची बोटं उमटली.

सुपरवायझर गेल्यावर गाडीवाला मित्र माझ्या कानाशी आला. त्यानं कागद पाहिला होता. "भारी खेळलास बे," तो म्हणाला. "आम्ही येड्यासारखी खरी नावं दिली." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा पट्ट्याचे दोन्ही तुकडे गुंडाळत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच.

सुपरवायझर त्या रस्त्यावर कुठेही भेटला असता, म्हणून वर्ध्याचा साहेब तिथे उतरू शकत नव्हता. माझं घर तिथून पाच मिनिटांवर होतं, तरी मी गाडीत बसलो. बाबांनी साखळी सोडली, गाडी गेली, त्यांनी साखळी लावली. शहरात बर्डीपर्यंत ते दोघं गाडी कुठे धुवायची यावर बोलत होते. मी तिथे उतरलो आणि त्याच रस्त्यानं परत जाणारी बस धरली. कंडक्टरनं माझ्या कपड्यांकडे बघून मला सीटवर बसू दिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा ड्युटी संपवून दारातल्या दगडावर पाय धूत होते. शेळ्यांच्या गोठ्यावर पट्टा परत चढवलेला होता, मधोमध कापलेला. मी त्यांच्याजवळ बसलो. मला माफी मागायची होती. मी तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"मंग," त्यांनी घोट्यावरची राख चोळत विचारलं, "बापाचं नाव कोनतं टाकलं?"

मी सांगितलं.

त्यांनी ते नाव एकदा स्वतः म्हणून पाहिलं. सावकाश, आडनावासकट. मग तांब्या उचलला आणि दुसऱ्या पायावर पाणी घेतलं.