नालोंगोने निवडलेला प्रोजेक्टर

जुळ्यांच्या आईला क्योतेरा गावात कोणी नावाने हाक मारत नाही, ती नालोंगोच. ही नालोंगो अकरा वर्षं पत्र्याचा सिनेमा-हॉल चालवत होती. पडद्यावर परका सिनेमा लागे आणि शेजारी माइक धरून तिचा भाऊ लुबोवा तो आपल्या भाषेत, मीठमसाला लावून सांगे.

जुना प्रोजेक्टर मेला, तेव्हा समोरच्या कावेसीने मोठा टीव्ही लावून आपले खेळ सुरू केले आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. साठवलेल्या पैशांत एकच नवा येणार होता. तो चुकला की हॉलला कुलूप. त्या जागेत मक्याची पोती भरायला घरमालक टपलेलाच होता.

मसाका शहरातल्या दुकानात दुकानदार सेम्वांगाने अंधाऱ्या खोलीत दोन यंत्रं मांडली. भिंतीवर बर्फाचे डोंगर झळकले.

"नालोंगो, हा मोठा घ्या. उजेड दुप्पट. खोक्यावरचा आकडाच बघा की!"

लुबोवा लगेच पाघळला. "ताई, काय लखलखतंय गं!"

"दागिना घ्यायला आलोय का? दार उघडा."

"अहो, उजेड येईल!"

"माझ्या पत्र्याला भोकं आहेत आणि खेळ दुपारी दोनचा. तुमची खोली का डोक्यावर घेऊन जाऊ?"

दार उघडलं तरी मोठा झगझगतच राहिला. मग नालोंगोने पिशवीतून भाचीच्या मागणीच्या समारंभाचा पेनड्राइव्ह काढला. मांडवाच्या सावलीत पाहुणे बसलेले. मोठ्यावर त्यांचे पांढरे झगे चकाकले आणि वरची तोंडं गायब झाली. धाकट्यावर झगे जरा मळकट दिसले. पण नवरीच्या आत्याने नवरदेवाकडे बघून मुरडलेलं नाकसुद्धा दिसलं.

"हाच बांधा," ती म्हणाली. "बर्फ बघायला माझ्याकडे कुत्रंही येत नाही. आपल्या लोकांची तोंडं दिसली पाहिजेत."

लुबोवा घरापर्यंत फुगून बसला. कावेसी तर खोकं बघून खदाखदा हसला, "नालोंगो, लहान आकड्याचा आणलास होय!"

रविवारी तिने मुद्दाम कावेसीकडे आठवडाभर चाललेलाच सिनेमा लावला. त्यात एका अंधाऱ्या अंगणात कोणीतरी सासूच्या डोक्यात मुसळ घालतं. कावेसीच्या टीव्हीवर तिथे नुसता काळोख दिसे, आणि गावात त्यावरून पैजा लागल्या होत्या. दोनच्या खेळाला जेमतेम वीस माणसं आली. तो प्रसंग आला आणि पहिल्या बाकावरची म्हातारी ताडकन उठली.

"अगं बाई, ही तर धाकटी सून!"

हॉल दणाणला. लुबोवाने माइक सरळ म्हातारीच्या हातात दिला. नालोंगोची छाती अभिमानाने भरून आली. चारच्या खेळाला बाक पुरले नाहीत, सहाच्या खेळाला लोक खिडकीला लोंबकळले.

तेवढ्यात दाराशी कावेसी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "नालोंगो, माझ्याकडे आता चिटपाखरू नाही. मलाही बघू दे, मारलं कुणी ते."

"ये की, बाबा," नालोंगो म्हणाली. "पण आधी तिकीट काढ."