सिंगाड्याची घडीची गाडी

सिहोऱ्याच्या आठवडी बाजारात माही जागा हाये. कागद नाई तिचा. जागेवर एक काळा गोटा हाये, नारळाएवढा. माह्या सासूनं नदीतून आणून ठेवला होता. तिथं जुने बसणारे सारेच असे गोटे ठेवतात. ज्याचा गोटा, त्याची जागा. पण लागोपाठ तीन बाजार बारा वाजेपर्यंत जागा रिकामी राहिली का गोटा उचलला जाते. हे कोणी लिहून ठेवलं नाई, तरी सारे मानतात. मंग मांगं कोंबड्यावाल्याइच्या बाजूले बसा लागते, अन् तिथं उकडलेले सिंगाडे कोण घेते?

माहा नवरा गेला तेव्हा पोरगा पाच वर्साचा होता अन् पोरगी पोटात. तेराव्यानंतरच्या पहिल्याच बाजारी मी त्या गोट्यामांगं जाऊन बसली. लोक म्हणत, येवढी काय घाई होती हिले? घाई नव्हती, घरात दोन तोंडं होती. हिवाळ्यात बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले सिंगाडे, मंग लाखोरीची भाजी, मंग मोहफुलं. पोरं त्या जागेवरच वाढले. पोरगी तं पोत्यावर निजून वाढली.

आमचं गाव बपेऱ्याच्या वाटेनं हाये. घरापासून सडकेपर्यंत मातीची पांदण, अर्धा कोस. दीर बोडीतून सिंगाडे काढून देते, मी पहाटे उकडतो, चुंगडीत भरतो, डोक्यावर चुंबळ अन् चुंबळीवर चुंगडी. सडकेवर बस, अन् सिहोऱ्याले उतरून आणखी बाजारापर्यंत पायी. उकडलेला सिंगाडा वल्ला राहते, वजनाले भारी. मान कुठं हाये, हे मले तीस वर्सं कधी आठवलंच नाई.

मांगच्या हिवाळ्यात आठवलं. पयले बोटं झिणझिण कराले लागले. मंग एक दिवस चहाचा कप हातातून असा गळला का मलेच समजलं नाई. डॉक्टरनं मानेचा फोटो काढला, उजेडाले धरून पाह्यला.

"किती वर्सं डोक्यावर ओझं वाहलं?"

"डोकं हाये तेव्हापासून," मी म्हणलं.

तो हासला नाई. म्हणे, "आता डोक्यावर तांब्या बी ठेवाचा नाई. नाई तं हात कायमचा जाईल."

पोरगा नागपूरले कामाले हाये, सून माह्यासंग गावी. त्याचा फोन आला. "माय, लय झालं. आता घरी बस."

"बसून काय करू?"

"टीव्ही पाह्य. आराम कर."

तो बऱ्यासाठीच बोलून राहिला होता. पण घरी बसलेली बुढी काय असते, ते मी आमच्याच गल्लीत पाह्यलं हाये. चहा कोणी देल्ला तं पेते, नाई देल्ला तं दाराकडं पाहत राहते. मले तसं बसाचं नव्हतं.

डॉक्टरच्या पायी तो बाजार गेला. दुसऱ्या दिवशी मुरमुऱ्यावालीचा फोन आला. तिची जागा माह्या जागेले लागून हाये, वीस वर्साची संगत.

"काय वो, मेली का जित्ती हाये?"

"जित्ती हाये."

"मंग ये. पलीकडच्या बांगड्यावाल्यानं काल तुह्या गोट्यावर टेकून चहा पेला."

फोन ठेवला अन् मी सुनेकडं पाह्यलं. तिच्या हातात विळा होता. धानाची कापणी चालू होती, गावात एक माणूस रिकामा नव्हता. सून म्हणे, "आत्या, धान निघू द्या. मंग मी नेऊन देईन तुमचं पोतं."

"धान निघतपर्यंत गोटा निघून जाईल," मी म्हणलं.

ती विळा घेऊन वावरात निघाली. तिच्या जागी मी असती तं मी बी धानच पाह्यलं असतं.

डॉक्टरकडून येताना बसमध्ये एक कॉलेजची पोरगी होती, चाकाची बॅग घेऊन. सडकेवर माह्या संगंच उतरली अन् ऐटीत बॅग ओढत निघाली. पांदणीत दहा पावलं गेली अन् चाकं चिखलानं भरले. फिरेचनात. शेवटी तिनं बॅग उचलून डोक्यावर घेतली. मी मांगून हासत गेली, पण ते चाकं डोक्यातून गेले नाई. पांदणीले मोठं चाक पायजे. बसमध्ये मोठं चाक मावत नाई. हे दोन्ही कसं जमवाचं?

दोन दिवस हाच विचार. तिसऱ्या दिवशी भाजी कापाले बसली. माही पावशी, म्हणजे विळी, घडीची हाये. पातं उभं करा, पाटावर पाय दाबून बसा, मंग ते हालत नाई. काम झालं का पातं निजवा अन् भिंतीच्या फटीत ठेवून द्या. मी तिले उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बसणाऱ्याच्याच वजनानं ते उभी राहते. चाकाच्या गाडीत चुंगडीखालची फळी बी अशीच पायजे. वजन असलं तं उघडी, वजन काढलं का घडी.

सून म्हणे, "आत्या, भाजी कापून राहिल्या का पावशीसंग खेळून राहिल्या?"

सडकेवर एक वेल्डिंगवाला हाये. त्याच्या दुकानाच्या फरशीवर मी कोळशानं काढून दाखवलं. दोन उभे पाइप, हाताले धराले वरतं आडवा दांडा, खाली बिजागरीची फळी, अन् लहान पोराच्या सायकलीचे दोन चाकं. चाकं निघाले पायजे. बैलबंडीचं चाक निसटू नये म्हणून आसाले खीळ राहते ना, तशी खीळ. ओढली का चाक हातात.

तो डोकं खाजवत म्हणे, "काकू, बाजारात तयार भेटते अशी गाडी. मोबाइलवरून मागवा."

"तिचे चाकं एवढे एवढे राहतात. तुह्या मोबाइलनं आमची पांदण पाह्यली हाये का?"

"हव, ते बी खरं. माप सांगा मंग."

"घडी केल्यावर दोन हात लांब अन् वीतभर उंच. बसच्या शिटाखाली गेली पायजे. उभी केली तं माह्या कमरेच्या वर."

बसमध्ये शिटाखाली हात घालून मीच मोजून आली होती. त्यानं भंगारातल्या मांडवाच्या खुर्च्या कापल्या अन् दोन दिवसात गाडी बनवून देल्ली. निळी, अर्धी गंजलेली. मले लय आवडली.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी चुंगडी बांधली अन् पांदणीतून निघाली. चाकं कसे मस्त चालले! कापणीवाल्या बाया वावरातून वरडल्या, "आजी, बैल कुठं गेला?"

"बैल मीच हावो," म्हणलं, अन् थांबली नाई.

बस आली. दोन माणसायनं चुंगडी वरतं देल्ली. मी खिळी ओढल्या, चाकं काढले, फळी मिटवली अन् गाडी शिटाखाली लोटली. जाईना. आडवी केली, जाईना. चार बोटं बाहेर. चार बोटं!

कंडक्टर आला. त्या फेरीवर नेहमीचाच हाये, वळखीचा. "माय, हे मधात नाई ठेवता येत. कोणी अडखळून पडलं तं माह्या नोकरीवर येते."

"सिहोऱ्यापर्यंतच जाचं हाये बापा."

"पडाले काय, दोन मिनिटात बी पडते माणूस."

तो चुकीचं बोलून राहिला नव्हता. मी उतरली. चुंगडी उतरली. बस गेली. मी सडकेच्या कडंले त्याच गाडीवर बसली अन् पाणी पेली. रडू आलं नाई. सिंगाडे उद्यापर्यंत चिकट होतील, एवढंच डोक्यात होतं. मंग परत पांदणीतून नेले अन् कापणीवाल्यायले वाटून देल्ले. एक म्हणे, "आजी, रोज बस चुकत जा."

दोन बाजार गेले होते. आता एकच राहिला होता.

वेल्डिंगवाल्याकडं गेली. "तुले दोन हात सांगतले होते, तू किती केली?"

"दोनच हात केली काकू." त्यानं कोपरापासून बोटापर्यंत आपला हात गाडीवर ठेवून दाखवला. एक, दोन. बरोबर.

मी माहा हात त्याच्या हाताजवळ ठेवला. माहं मधलं बोट त्याच्या बोटाच्या पेरापर्यंत बी पोचलं नाई. एका हातामांगं दोन बोटं, दोन हातायले चार. दोघं बी त्या हातायकडं पाहत राहिलो. धान मोजाले पायली साऱ्याइची एकच राहते, पण लांबी मोजाले जो तो आपलाच हात घेऊन बसते. मले हे एवढ्या वयात समजलं.

"आता काय कराचं?" तो म्हणे.

"आता हात नाई. सुतळी."

रोवणीले आम्ही दोरीले गाठी मारून रेषेत धान लावतो. तशीच एक सुतळी घेतली. दुसऱ्या दिवशी रिकामीच बपेऱ्याले गेली. तिथं बस चहापाण्याले थोडी थांबते. सारे उतरले तशी मी शिटाखाली वाकली. खोली मोजली, गाठ. उंची मोजली, गाठ. दाराची रुंदी, गाठ. पायरी केवढी उंच हाये, गाठ.

कंडक्टर चहा पिऊन आला अन् दारातच उभा राहिला. "माय, बसले झबलं शिवून राहिल्या का?"

"हव. थंडी लागून राहिली म्हणे तिले."

तो हासला, मंग स्वतःच सुतळीचं दुसरं टोक धरलं. म्हणे, "या शिटाखाली नोका ठेवू, इथं चाकाचा उंचवटा हाये. मांगून तिसऱ्या शिटाखाली सपाट हाये." हे मले कधीच समजलं नसतं.

वेल्डिंगवाल्यानं गाठीच्या मापानं पाइप कापले. पण पाइप आखूड झाले तं दांडा कमरेच्या खाली आला. वाकून ओढा लागलं, अन् वाकलं का मान दुखे. मंग त्यानं पाइपात पाइप घातला, छत्रीच्या दांड्यासारखा. ओढला का लांब. ते डोकं त्याचं, माहं नाई.

बाजाराच्या दोन दिवस आधी चुंगडीत वल्ली रेती भरली अन् पांदणीत नेली. अर्ध्या वाटेत खड्ड्यात चाक आदळलं, चुंगडी उडाली अन् फळी खाडकन मिटली. रेती सांडली. पावशीवर पाय दाबून राहते, इथं पाय नव्हता. सायकलीच्या ट्यूबचा पट्टा कापून फळी अन् चुंगडी संगं आवळली. पुन्हा रेती भरली, पुन्हा नेली. तीन चकरा मारल्या. अन् आणखी एक समजलं. गाडी काही बसच्या पायऱ्या चढत नाई. म्हणून एका चुंगडीच्या तीन लहान पिशव्या केल्या, कमरेले टेकवून मलेच उचलता येतील अशा. कोणाची वाट पाहाची गरज नाई. खिळी बी सुतळीनं गाडीलेच बांधल्या, हरवाले नोको.

बाजाराच्या पहाटे सून माह्या आधी उठली होती. चुलीवर सिंगाड्याचं पातेलं चढवून देल्लं तिनं. म्हणे, "गाडी नाई मावली तं फोन करा. मी कापणी सोडून येतो."

"मावते," मी म्हणलं.

बस आली. पिशव्या एक, दोन, तीन वरतं ठेवल्या. खिळी ओढल्या. डावं चाक निघालं. उजवं निघेना, चिखल अडकला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मांगून कोणी म्हणे, "काय चालू हाये गा तिकडं?"

कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नाई. "होऊ द्या," म्हणे. "माय, सावकाश."

मी चाकाले बुक्की मारली. निघालं. फळी मिटवली, दांडा आत लोटला अन् मांगून तिसऱ्या शिटाखाली गाडी सरकवली. गेली. पुरी गेली. दोन बोटं जागा उरली. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी शिटावर बसली अन् सिहोऱ्याचं तिकीट मांगलं.

सिहोऱ्याले उतरून गाडी उभी केली, चाकं लावले, पिशव्या आवळल्या अन् बाजारात शिरली. दुरूनच पाह्यलं. बांगड्यावाल्याची ताडपत्री माह्या जागेत अर्ध्यापर्यंत आली होती. मुरमुऱ्यावाली आपली जागा सोडून माह्या गोट्यावर पाय देऊन बसली होती, तोंडात तंबाखूचा खर्रा.

"आली का वो? माहा पाय सुन्न झाला इथं."

"वेळेवर आली का नाई?"

"बाराच्या आत आली म्हणजे वेळेवरच."

बांगड्यावाला उभा राहिला. वाईट माणूस नाई तो. त्याची जागा खरंच लहान हाये, अन् त्याले बी दोन पोरी हायेत. माह्याकडं नाई पाह्यलं त्यानं, गाडीकडं पाह्यलं. मी पिशव्या उतरवल्या, ट्यूबचा पट्टा सोडला अन् फळी मिटवली.

"हे कुठं भेटते आजी?"

"कुठंच नाई भेटत. बनवा लागते."

"माह्या पेट्या लय जड हायेत. गाडी थांबते तिथून डोक्यावर आणतो. माप सांगता का?"

मी पिशवीतून गाठीची सुतळी काढली अन् त्याच्या हातात देल्ली. "हे बसचं माप हाये. तू ज्या गाडीनं येतं, तिच्यात वाकून आपलं माप तुलेच घ्या लागंल. अन् हातानं मोजू नोको."

तो सुतळीच्या गाठी बोटायनं चाचपत उभा राहिला. मंग खाली बसला अन् आपली ताडपत्री गोळा करून गोट्याच्या पलीकडं नेली.

मी पोतं पसरलं. घडी केलेली गाडी पाठीमांगं भिंतीले टेकवली अन् तिच्यावर पाठ टेकून बसली. सिंगाडे अजून कोमट होते. पयली गिऱ्हाईक एक बाई आली, म्हणे, "दोन बाजार कुठं होत्या आजी?"

"माप घेत होती," मी म्हणलं, अन् तिच्या पिशवीत सिंगाडे टाकले.