चिमट्यांवर चाललेली बोट

आमच्या ह्यांना आधी विचार आणि मग बोलणं ही सवय नाही, कधीच नव्हती. ती बोट झाली ती त्यामुळंच. गुळाच्या अडतीवरचा ह्यांचा एक दोस्त होता. त्याच्या मेहुण्यानं परदेशातून त्याला एक शर्यतीची बोट आणून दिली होती. खेळण्यातलीच, पण हातभर लांब, लालभडक, पाण्यावर सुसाट पळणारी. काठावर उभं राहून हातातल्या पेटीवरची बटणं दाबायची आणि ती तिकडं पाण्यात वळायची, मधे तार नाही की दोरी नाही. रंकाळा तलावावर गर्दी जमवून तो ती मिरवायचा. एकदा चहाच्या गाड्यावर तो म्हणाला, असलं नाजूक काम उद्यमनगरातल्या हातोडीवाल्यांच्या बापाला जमायचं नाही. झालं. ह्यांचं वर्कशॉप उद्यमनगरातलंच. बाप काढल्यावर आमचे हे गप्प बसतात होय? दिवाळीनंतर रंकाळ्यावर शर्यत, आणि हरेल त्यानं सगळ्या गल्लीला मटणाचं जेवण घालायचं, असं तिथल्या तिथं ठरवून हे घरी आले. आणि मग चुलीशी येऊन मला हळूच विचारलं, "तुला रेडिओचं काय काय येतं गं?"

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर जयसिंगपूरचं, वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शाळा सुटली की मी दुकानात. सोल्डरिंग मला भाकरी थापण्याच्या आधी यायला लागलं. सासरी मात्र तो विषय कुणी काढला नव्हता आणि आपण होऊन सांगायची माझी छाती नव्हती. ह्यांनी विचारलं आणि मला असा काही आनंद झाला, की तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. सासूबाई आतून ओरडल्या. मी हसतच होते.

दोन खोल्यांचं घर, मधे नुसता पडदा. पलीकडं सासूबाई जाग्या असायच्या, त्यामुळं नवरा-बायकोनं धड बोलायचीही पंचाईत. ह्यांचं वडिलांपासूनचं छोटं वर्कशॉप होतं, शेतावरच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग तिथं व्हायचे. सुट्टीच्या दिवशी हे एकटेच तिथं बसायचे. मी जेवण पोचवायचं निमित्त करून जायचे आणि दुपार तिथंच काढायचे. खरं सांगते, बोटीपेक्षा त्या दुपारीच मला जास्त आवडायच्या.

इंजिन कसलं करायचं यावर चर्चाच नाही. "आम्ही डिझेलवाली माणसं, डिझेलच करणार," हे म्हणाले. लेथवर ह्यांनी मुठीत मावेल एवढं इंजिन कातून काढलं. त्याला ठिणगी लागत नव्हती, नुसत्या दाबावर पेटायचं. तेल मात्र घरी मिसळावं लागायचं, रॉकेल, एरंडेल आणि ईथर. ईथर ओळखीच्या डॉक्टरांकडून यायचं. बाटलीचं बूच उघडलं की त्याचा गोडसर वास सगळ्या शेडमध्ये भरायचा आणि आम्ही दोघं कारण नसताना हसत सुटायचो. हे म्हणायचे, पान्हा दे, आणि मी हसायचे. पान्ह्यात हसण्यासारखं काय असतं? पण पोट दुखेपर्यंत हसायचो. शेवटी हे दार उघडं टाकायचे आणि आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून शुद्धीवर यायचो.

पहिली बोट बुडाली. बुडणारच होती. ह्यांनी इंजिनाखाली बिडाची बैठक ओतून घेतली होती, दांडा जाड पोलादाचा आणि पंखा असा, की विहिरीवरच्या पंपाला चालला असता. मी म्हटलं होतं, अहो, जड होतंय. इंजिनवाल्याला जड म्हणून सांगून काय उपयोग? इंजिनं तपासायच्या हौदात ह्यांनी बोट मोठ्या ऐटीत ठेवली आणि हात काढला. ती जी गेली ती थेट तळाला. हे बराच वेळ वाकून पाण्यात बघत राहिले, मग म्हणाले, "मजबूत झालीया पण."

दुसरी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची केली. बैठक ॲल्युमिनियमची आणि बाकीचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत तासून तासून हलकं. रंग इंजिनांचाच हिरवा, कारण तोच डब्यात शिल्लक होता. माझ्या वाट्याचं काम म्हणजे रेडिओ. वडिलांनी सुटे भाग एस.टी.च्या कंडक्टरकडं देऊन पाठवले. एक यंत्र बोटीत बसवलं आणि दुसरं हातात धरायचं, ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात केलं. त्याला आम्ही पेटी म्हणायचो. पेटीवर एकच बटण. एकदा दाबून धरलं की बोट उजवीकडं वळणार, दोन वेळा दाबून धरलं की डावीकडं, सोडलं की सरळ. वेग कमी करायची सोय नव्हती आणि थांबवायचीही नव्हती. टाकीतलं तेल संपेल तेव्हाच ती थांबायची.

कोटितीर्थ तळ्यावर तपासणी केली, सकाळी, माणसं जमायच्या आत. ह्यांनी इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला, ते किंचाळत पेटलं, आणि बोट पाण्यात ठेवली तर बाण सुटावा तशी सुटली. मी तर उड्याच मारायला लागले, पदर कुठं, मी कुठं. जाताना सगळं झकास. मग हे बोट परत आणायला लागले आणि तिनं थेट डुंबणाऱ्या म्हशीच्या बरगडीत मुसंडी मारली. म्हशीनं मान वळवूनही बघितलं नाही, पण म्हशीच्या मालकानं आमचा सगळा वंश उद्धरला.

यंत्रात दोष नव्हता. बोट आपल्याकडं तोंड करून येते तेव्हा तिचं उजवं ते आपलं डावं होतं. ह्यांच्या डोक्यात ते काही केल्या शिरेना. मी म्हटलं, तुम्ही बोटीत बसलाय असं समजा. हे म्हणाले, मी हितं काठावर हाय, आत कुठं बसू? मी पेटी हातात घेतली. मला विचारही करावा लागला नाही, अंगठा आपला आपण दाबत होता. म्हशींच्या मधून बोट नेली, वळवली, पायाशी आणली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ती बोट शर्यतीत मला चालवायची होती, सगळ्या गावासमोर, माझ्या हातानं.

हे म्हणाले, "पैज माझ्या नावानं लागलीया. बायकोच्या जिवावर जिंकला म्हणत्यात लोकं."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. कुणाला कळलंही नाही, कारण पडद्यामुळं आम्ही तसेही गप्पच असायचो. मग माझाच जीव राहीना. बोट म्हशीवर आदळण्यापेक्षा काहीतरी बरं, म्हणून मीच तोडगा काढला. पेटी तुम्ही धरा, मी मागं उभी राहते. उजव्या दंडाला चिमटा काढला की उजवीकडं, डाव्या दंडाला काढला की डावीकडं. तुम्ही डोकं चालवायचंच नाही. हे लगेच कबूल झाले.

आणि काय सांगू, ते जमलं. बोट फिरकीसारखी वळायला लागली. राग माझ्या मनात होताच, तो चिमटीत उतरायचा, त्यामुळं चिमटे मी नवऱ्याला काढावेत तसे न काढता वैऱ्याला काढावेत तसे काढायचे. हे "आयाई" करून दाबायचे. सासूबाईंनी एकदा ह्यांच्या पाठीला तेल चोळताना दंड बघितले आणि हे काळंनिळं कशानं झालं म्हणून विचारलं. इंजिनाचं हँडल लागलं, हे म्हणाले. दोन्ही दंडांना? सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत होते, ते निवडलेलेच पुन्हा निवडायला लागले.

शर्यतीला आख्खी गल्ली लोटली. तालमीतली पोरं, अडतीवरचे हमाल, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. सासूबाईही आल्या. लग्न झालेला बाप्या बोटी खेळतोय म्हणून दिवाळीभर त्यांनी नाक मुरडलं होतं, पण निघताना बोटीला हळदकुंकू लावलं ते त्यांनीच. पाण्यात दूर तेलाचे दोन रिकामे डबे तरंगत ठेवले होते. त्यांना वळसा घालून परत यायचं.

दोन्ही बोटी सुटल्या. लाल बोट पुढं, आमची हिरवी तिच्या अगदी मागं, धूर ओकत. पहिल्या डब्याला मी उजवा चिमटा काढला, वळली. दुसऱ्याला पुन्हा उजवा, तिथंही वळली आणि आतल्या बाजूनं लाल बोटीच्या पुढं निघाली. लोकं बेभान झाली. आता फक्त घरी आणायची होती. तेवढ्यात सासूबाई आम्हा दोघांच्या मधे घुसल्या. "सरक की," मला म्हणाल्या, "नवऱ्याला किती चिकटतीस, गाव बघतंय."

माझा हात ह्यांच्या दंडापर्यंत पोचेना. बोट आमच्याकडं तोंड करून येत होती, ह्यांनी दाबायला नको तेच दाबलं, आणि ती धुण्याच्या दगडांकडं निघाली. धुणं टाकून बायका पळाल्या. हे अजून जोरात तेच दाबायला लागले. ओरडून सांगावं तरी कसं? सगळं गाव समोर, सासू मधे, आणि माझी बोट दगडावर फुटायला चाललेली.

सासूबाईंनी माझ्या हवेतच राहिलेल्या चिमटीकडं बघितलं, ह्यांच्या हातातली पेटी ओढून घेतली आणि माझ्या हातात कोंबली.

"त्याला न्हाय कळत तर तूच चालव की," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचं दंड सोलून काढलंस."

मी दाबलं. दगड हातभर अंतरावर असताना बोट वळली, दगडावरचा एक परकर ओढत घेऊन गेली, आणि मी तिला परत शर्यतीत आणलं. लाल बोट तोवर काठाला लागली होती. आम्ही हरलो. पण लोकं गुळवाल्याकडं बघतच नव्हती, सगळी माझ्याकडं बघत होती. परकर गुंडाळलेली हिरवी बोट मी हव्या त्या दिशेला फिरवत होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. कुणीतरी ह्यांना हिणवलं, काय पावणं, बायकोच्या हाती कारभार? हे हसत सुटले, ईथरशिवाय. "पेटी हिनं केलीया," ओरडून म्हणाले. "आणि चालवायचीबी हिलाच येती. मी नुसता उभा हुतो." मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

टाकीत अजून तेल होतं, बोट पळतच होती. सासूबाई माझ्या खांद्याशी उभ्या राहून एकटक बघत होत्या. मग म्हणाल्या, "बघू."

मी पेटी दिली. एकदा म्हणजे उजवीकडं, दोनदा म्हणजे डावीकडं, एवढंच सांगितलं. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं, बोट वळली, त्यांनी पुन्हा दाबलं. मग बोट आमच्याकडं तोंड करून आली. त्यांनी बरोबर दाबलं.

"आत्ती, तुम्हांला कसं कळलं?" मी विचारलं.

त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही. "सगळी हयात इंजनाच्या घरात गेली माझी," त्या म्हणाल्या. "एकाबी इंजनाला कुणी हात लावू दिला न्हाय."

मी पेटी परत मागितली नाही. ह्यांनी मागितली. थांब की, म्हणाल्या, आणि तेल संपेपर्यंत त्यांनी ती कुणालाही दिली नाही.