टॉमी ड्रेव्हर पापेला गेले

आमचे बाबा, टॉमी ड्रेव्हर, चाळीस वर्षं शेतांच्या कडेचे दगडी बांध रचत आलेत. चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. पण सगळा जन्म स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर काढून त्यांनी इथलं एकही जुनं ठिकाण पाहिलेलं नव्हतं.

"जगभरातून माणसं येतात रे बघायला," आई म्हणायची.

"येऊ देत. दगड मला रोज दिसतात."

गेल्या जूनमध्ये आईने सरळ तिकिटंच काढली. "मी आणि इंगा पापे बेटावर जुनी घरं बघायला चाललोय. तू बस घरी दगड बघत."

बाबा आले, पण वेस्ट्रे बेटापर्यंत पेपरात डोकं खुपसून. पुढे पापेच्या लहान बोटीत तोच पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राला खेटून, ती दोन घरं गवतात अर्धी बुडालेली होती. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. दार इतकं बुटकं की बाबा ओणवे होऊन आत शिरले.

"बाबा, डोकं आपटलं का?" मी विचारलं.

"मेरन! इंगा! पळत या!" आई आणि मी वाकून आत शिरलो.

बाबा गुडघ्यांवर बसून भिंतीला जवळजवळ गाल लावून बघत होते. "हे बघ, खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बरोबर मधोमध! आणि भिंती दोन आहेत, मधे भर घातलीय. वारा आत येईलच कसा? अगं, मी अशीच बांधतो! मला आजोबांनी शिकवलं. पण आजोबांना कुणी, त्यांच्या आजोबांना कुणी?" तेवढ्यात ते बोळातून रांगत शेजारच्या घरात गेलेसुद्धा. "कपाटं! भिंतीत कपाटं काढलीत पठ्ठ्यांनी!"

एका कोपऱ्यात ते खो-खो हसायला लागले. "इथे तीन थर सांध्यावर सांधाच आलाय! हे कुणीतरी भूक लागल्यावर घाईने उरकलंय."

बाबा रांगत परत आले तेव्हा आई मोठ्या घरात धान्य दळायच्या दगडाशी बसली होती. मधे झिजून खोल झालेल्या त्या दगडावरून तिने हात फिरवला. "इथल्या बाईने माझ्यापेक्षा जास्त भाकऱ्या केल्यात, टॉमी," ती हळूच म्हणाली.

एवढ्यात एक डच जोडपं आलं. बाबांनी त्यांना दारातच गाठलं आणि अर्धा तास भिंत समजावली. मी घड्याळ बघितलं नि ओरडले, "बाबा, बोट!"

अडुसष्ट वर्षांचे बाबा आमच्या पुढे धावत होते. नावाड्याने दोर सोडायचं थांबवलं. "टॉमी, तू आणि पळतोयस? आग लागली की काय कुठे?"

बोटीत धाप लागलेली असतानाच बाबांनी विचारलं, "रूझी बेटावरही असल्या भिंती आहेत ना? तिकडची बोट उद्या किती वाजता असते?"

"उद्या सोमवार. तुला काम आहे," आई म्हणाली.

"बांध काय पळून जातोय!"

त्या उन्हाळ्यात आम्ही चार बेटं पालथी घातली. पाचव्याच्या वेळी आई म्हणाली, "टॉमी, एक रविवार घरी बसूया का रे?" बाबांचे बूट तोवर पायात चढलेले होते.