दारावरून पुढे गेलेली ताटे

औंढा नागनाथला आम्ही राहायचो त्या गल्लीच्या टोकाला एक सभागृह होते. सभागृह म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांब खोली. लग्नाची पंगत, मतदान आणि लहान मुलांचे लसीकरण तिथेच व्हायचे. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, एक ज्वारीची आणि एक तांदळाची. गल्लीतल्या बायका सकाळचा स्वयंपाक सुरू करण्याआधी एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तो डबा कोठीत रिकामा करत. ज्या घरात अडचण असेल तिथे या कोठीतून धान्य जाई. कोणाकडे गेले हे बोलायचे नाही असे ठरलेले होते. दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलेले असे.

सरकारी दवाखान्यातल्या एका परिचारिकेने हे सुरू केले होते. सगळे तिला सिस्टर म्हणत. लसीच्या निमित्ताने घरोघर फिरताना कोणाच्या चुलीवर काय आहे आणि काय नाही, हे तिला दिसे. कोठीची किल्ली माझ्या आईकडे असे. हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो.

आमच्या समोरच्या ओळीत एक जीपवाला राहायचा. औंढा ते हिंगोली काळीपिवळी चालवायचा. त्या वर्षी श्रावणात, दर्शनाच्या गर्दीचे दिवस असल्यामुळे, डोळे पिवळे झाले तरी तो गाडीवर जात राहिला. गर्दी ओसरायच्या आत तो काविळीने गेला. मागे बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी. जीप मालकाची होती, ती दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली. बायको साड्यांना फॉल लावायचे काम करू लागली.

आमच्याकडे एक रिवाज आहे. घरात माणूस गेले असेल तर त्या वर्षी दिवाळीला त्या घरात कढई चढवत नाहीत. तळण नाही, लाडू नाहीत. मात्र त्या घरातले लेकरू फराळावाचून राहत नाही, कारण गल्लीतले प्रत्येक घर आपले ताट तिथे घेऊन जाते. ताट नुसते दारात द्यायचे नसते. आत जाऊन, थोडे टेकून, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलून यायचे असते. ते ताट किंवा डबा परत करताना रिकामा देत नाहीत. काही नसले तर चिमूटभर साखर घालून देतात.

दिवाळीच्या आधी सार्वजनिक नळावर आईने जीपवाल्याच्या बायकोला विचारले, "सणाला माहेरी जाणार का गं?" तिचे माहेर कनेरगाव नाक्याला होते. भाऊ तिथल्या एका ढाब्यावर कामाला होता.

"न्हाई काकू. पहिला सण हाय. लोकं ताटं घेऊन येतील अन् दाराला कुलूप, कसं दिसंल ते?" मग ती म्हणाली, "तेराव्यानंतर घरात कोणी बसायला आलं न्हाई. लोकांची बी कामं असतात. लेकरू इचारते, आपल्याकडं आता कोणी काहून येत न्हाई. म्हटलं, दिवाळीला येतील."

"येतील की. न यायला काय झालं."

"तुमची चकली मागल्या साली मऊ पडली व्हती. यंदा जरा कडक करा."

"मऊ व्हती तर डबा चाटूनपुसून काहून दिला?"

"मी कुठं खाल्ली? यांनीच संपवली." असे म्हणून ती हसली आणि हसता हसता थांबली. आईने तिचा हंडा भरलेला नसतानाच उचलून तिच्या डोक्यावर दिला.

त्या वर्षी सिस्टरच्या मनात आले की दिवाळीला नुसती ज्वारी देऊन भागणार नाही. गरजू घरांनाही फराळ करता आला पाहिजे. मंदिराजवळच्या दुकानदारांनी साखर आणि रवा दिला. गल्लीतल्या बायकांनी हरभऱ्याची डाळ काढून दिली, ती गिरणीवाल्याने फुकट दळून दिली. कोणी तेलाच्या पिशव्या आणल्या. सभागृहात सतरंजी टाकून पाकिटे बांधायचे काम दोन दुपारी चालले. मला बातमी द्यायची होती, म्हणून मी तिथे बसून होतो.

गिरणीवाल्याची बायको, जिला आम्ही मामी म्हणायचो, बेसन भरत होती. सिस्टर तेल मापून लहान पिशव्यांत ओतत होती.

"सिस्टर, सांडू नका ते," मामी म्हणाल्या. "दवाखान्यातलं औषध न्हाई, फुकट आलं म्हणून."

"मामी, तुमच्या नाकाला बेसन लागलंय ते आधी पुसा. तेवढ्यात एक लाडू होईल."

नियम दोनच होते आणि दोन्ही सिस्टरने घातले होते. सगळ्यांना सारखे द्यायचे, म्हणजे कोणाला कमीपणा नको. आणि एका घराला एकदाच, म्हणजे कुरबूर नको. मागे एकदा एका घरी दोनदा तांदूळ गेला होता आणि त्यावरून बायकांचे बोलणे बंद पडले होते.

"जीपवाल्याच्या घरचं?" सिस्टरने विचारले.

"पहिलं तिचंच बांधलं," आई म्हणाली. "बेसन जरा जास्तीच घातलं. पोरीला लाडू लई आवडते."

"बरं केलं," मामी म्हणाल्या.

त्या खोलीत बसलेली प्रत्येक बाई अशा घरी आयुष्यात कितीदा तरी ताट घेऊन गेलेली होती. कढईचा रिवाज कोणालाही नव्याने सांगावा लागला नसता. तरीही बेसन, साखर, रवा आणि तेल एका पिशवीत घालताना एकीच्याही हाताला ते खटकले नाही. सगळ्यांना सारखे द्यायचे ठरले होते आणि सारखे दिले गेले. संध्याकाळी सिस्टर स्वतः ते पाकीट जीपवाल्याच्या बायकोला देऊन आली. तिने दोन्ही हातांनी घेतले, काही बोलली नाही, असे सिस्टरने सांगितले. बोलायचे अवघड वाटले असेल, एवढेच सगळ्यांना वाटले.

बातमी छापून आली. गरजू कुटुंबांची दिवाळी गोड झाली, अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आईने स्वयंपाकघरात ताटे मांडली. करंजी, चकली, शेव, दोन लाडू, वर रुमाल. चकली कडक झाली होती. मामी त्यांचे ताट घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी विचारले, "समोर द्यायचं का एक?"

आईने ताटावरचा रुमाल सारखा केला. "तिला पाकीट गेलंय. आता ताट बी नेलं तर बाकीच्या म्हणतील, किल्ली हिच्याकडं हाय म्हणून जवळच्याला दोनदा."

"व्हय, ते बी खरंच," मामी म्हणाल्या. "अन् दुसरं कोणी तरी नेईलच."

प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने हेच बोलणे झाले असणार. डाळ सगळ्यांनी दिली होती. तिच्या घरी आपले काही पोचले आहे, ही प्रत्येकीची समजूत खरीच होती. दिवाळीचे सगळे दिवस गल्लीतून ताटांची ये-जा चालू राहिली.

भाऊबिजेच्या सकाळी ती आमच्याकडे आली. सोबत मुलगी होती, नवा फ्रॉक नव्हता, केस मात्र चापून विंचरलेले होते. तिच्या हातात ते पाकीट होते.

"काकू, हे ठिवून घ्या. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. आमच्याकडं यंदा तळायचं न्हाई."

आईने हात पुढे केला आणि तसाच राहू दिला.

"साखर मातर काढली म्या त्यातली," ती म्हणाली. "ताटं परत देताना टाकायला घरात काही नव्हतं. पुड्या बांधून ठिवल्या व्हत्या. त्या बी आणल्या." तिने पदराची गाठ सोडून त्या पुड्या पाकिटावर ठेवल्या. पोरीच्या जुन्या वहीच्या कागदाच्या, चारी बाजूंनी नीट दुमडलेल्या, सगळ्या एका मापाच्या. मूठभर होत्या. तिने गल्लीतल्या घरांचा अंदाज बरोबर केला होता.

"कोणीच न्हाई आलं?" आईने विचारले. हा प्रश्न विचारण्याची गरज नव्हती.

"कामं असतात काकू लोकांची." मग कोणाला दोष न देता ती म्हणाली, "लेकरू दारात बसून व्हतं. कोणी रुमाल टाकून ताट घेऊन निघालं की आत येऊन सांगे, आई, येऊन राहिले. मी सतरंजी झटकून टाके. मंग ते म्हणे, पुढं गेले."

मुलगी आईच्या पदराआडून आमच्या स्वयंपाकघराकडे बघत होती. माझी आई उठून आत गेली. डब्यांची झाकणे पडल्याचा आवाज झाला. ती ताट भरून बाहेर आली तेव्हा जीपवाल्याची बायको जायला उभी राहिली होती.

"आता नगं काकू. भाऊ न्यायला आलाय, स्टँडवर उभा हाय. ताट परत कोण आणून देईल?"

"ताटाचं जाऊ दे गं. लेकराला खाऊ दे."

मुलीने एक चकली घेतली. आईकडे बघितले आणि हातातच धरून ठेवली. दोघी निघाल्या. माझी आई ताट घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेली आणि भरलेले ताट घेऊन परत आली. येताना ते तिने रुमालाने झाकले नव्हते. मामी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी ताटाकडे बघितले आणि काय झाले ते न विचारता आत गेल्या.

ती परत राहायला आली नाही. महिन्याभराने भाऊ येऊन भांडी आणि शिलाई मशीन घेऊन गेला. ती ढाब्यावर भाकरी करते, मुलगी तिथल्या शाळेत घातली, असे त्याच्याकडून कळले.

सिस्टर त्यानंतर काही दिवस कोठीकडे फिरकली नाही. पाकीट देताना त्या घराच्या आत आपण दोन मिनिटे बसलो असतो तरी लक्षात आले असते, असे ती एकदा आईला म्हणाली. पुढच्या दिवाळीला पाकिटे पुन्हा बांधली, पण ज्या घरात माणूस गेले आहे तिथे पाकीट द्यायचे नाही, असा तिसरा नियम झाला. तिथे ताटच न्यायचे, आणि नेणारीने आत बसून यायचे. त्या वर्षी गल्लीत असे एक घर होते. तिथे इतकी ताटे गेली की त्या घरातल्या म्हाताऱ्याने हात जोडून आता पुरे म्हटले.

त्याच वर्षी आईने एक डबा भरला. चकल्या कडक आहेत ना, हे दोनदा मोडून बघितले. वाशीमकडे जाणाऱ्या जीपवरचा एक ड्रायव्हर समोरच्या जीपवाल्याच्या ओळखीचा होता. त्याच्या हाती तिने तो डबा कनेरगाव नाक्याला पाठवला. आठवडाभराने त्याने डबा परत आणून दिला.

"भेटली का?"

"व्हय, भेटली."

"काय म्हणे?"

"काही न्हाई. बरं हाय म्हणे. पोरगी खेळायला गेली व्हती."

तो गेल्यावर आईने झाकण उघडले. डबा स्वच्छ घासून कोरडा केलेला होता. आत साखरेचा कण नव्हता. तो तिने घासला की ढाब्यावरच्या दुसऱ्या कोणी घासून दिला, हे कळायला मार्ग नव्हता, आणि आईने कधी विचारलेही नाही. ती बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसली. मग झाकण लावले, अंगणात गेली आणि तो घासलेला डबा पुन्हा एकदा राखेने घासला.