डिस्कवर साठलेली शांतता

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षांत मी पांढरकवड्याच्या एका लहानशा ऑफिसात सर्व्हरवर नजर ठेवायचे. शेतकरी फोनवर आपला प्रश्न बोलून ठेवत. ते निरोप आमच्या सर्व्हरमधून कृषी सल्लागारांकडे जात आणि तोवर डिस्कवर थांबत. मेमरी किती भरली, डिस्क किती, हे पाहणं माझं काम. मेमरी बिचारी आपल्या जागी असे. डिस्क मात्र रोज चढे. ती पूर्ण भरली की नवा निरोप घेणंच बंद.

पुण्याचे साहेब म्हणाले, "नमनाला घडाभर तेल कशाला? पहिलं अर्धं मिनिट ठेवा, पुढचं कापा."

मला रागच आला. अर्ध्या मिनिटात तर आमच्याकडे चपलाही काढून होत नाहीत. कापण्याआधी मी लांबलचक निरोप ऐकायला घेतले. पहिलाच केळापूरकडच्या एका बाईचा, नुकताच आलेला.

"माय, बरी हाय ना व? जेवली काय?"

मग नुसती शांतता. मागे कोंबड्या. फोन कटला असं वाटलं, पण नाही, बाई उत्तराची वाट पाहत होती. समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिथे माणूस नाही, डिस्क आहे, हे तिला कोण सांगणार? बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "आमच्या यायनं सकाळी फवारा मारला. आता त्यायले अंधुक दिसून राह्यलं, उलट्या होऊन राह्यल्या. काय देऊ?"

मी तिला फोन लावला. "मावशी, घरी काईच देऊ नका. आत्ताच दवाखान्यात न्या, फवाऱ्याच्या औषधाचा डबा संग घ्या."

"शेजाऱ्याचा ऑटो हाय, निंगतोच," ती म्हणाली. त्यानंतर तिचा फोन लागेना. तिचा नवरा वाचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

साहेबांशी मी भांडले. शेवटी उत्तर दिलेले निरोप लगेच पुसायचं ठरलं. डिस्क उतरली. शांतता मी कापू दिली नाही.

काही दिवसांनी त्या मावशीचा निरोप आला. "माय, जेवली काय व?"

आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. ती पुन्हा थांबली. कोंबड्या ऐकू येत होत्या. मग मागून एक थकलेला पुरुषी आवाज आला, "काय म्हन्ते पोरगी? जेवली काय?"

"हो काका, जेवले," मी ऑफिसात एकटीच मोठ्यानं म्हणाले.