गाणारा नसलेला बँड

आमच्या बँडमध्ये गाणारा नव्हता. तीन गिटारी आणि एक ड्रम, बस्स. गिरगावच्या गणपतीत पहिल्यांदा स्टेजवर चढलो तेव्हा खालून ओरडा झाला, "अरे, गाणारा कुठाय?" आम्ही रॉक अँड रोल सुरू केलं आणि चाळीच्या गॅलऱ्या नाचायला लागल्या. पुढची दोन-तीन वर्षं दादरपासून लालबागपर्यंत आमच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

आमची सगळ्यात गाजलेली चाल लीड गिटार वाजवणाऱ्या माझ्या मित्राची. परळचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती, बोटांत जादू आणि जिभेवर विंचू. रेकॉर्ड निघायची ठरली त्याच आठवड्यात तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुझं काय रे, तीन कॉर्ड तर खरवडतोस." ते मला फार लागलं. अक्षर चांगलं म्हणून कंपनीचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. 'संगीतकार' या रकान्यात मी त्याचं नाव घातलं नाही. भजनांच्या रेकॉर्डवर असतं तसं 'पारंपरिक' लिहून मोकळा झालो. तेच छापून आलं. कंपनीवाल्यांनी घोळ घातला, असं मी त्याला सांगितलं. तो गिटार जुळवायला लागला.

नोकऱ्या लागल्या, बँड मोडला. चाल मात्र राहिली. हळदीला, विसर्जनाला बेंजोवाले आजही वाजवतात.

गेल्या वर्षी मी त्या मित्राकडे चहाला गेलो होतो, तेव्हा त्याच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये हळद होती. चाल ऐकून तो काठी टेकत खाली उतरला, मी मागोमाग. बेंजोच्या मास्तरांना त्याने विचारलं, "ही चाल कुणाची?"

"ट्रॅडिशनल आहे काका. जुन्या रेकॉर्डवर तसं लिहिलंय."

"मी बनवलीय ती."

मास्तर समजुतीचं हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सांग ना रे यांना."

"जाऊ दे ना, चहा गार होईल," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. माझी मलाच लाज वाटली, तरी म्हणालो.

दोन महिन्यांनी तो गेला. परवा त्याच्या मुलीने गिटारच्या पेटीत त्याने जपून ठेवलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्या फॉर्मची कार्बन कॉपी होती. कंपनीने रेकॉर्डसोबत त्यालाही पाठवली असणार.

"अंकल, हे अक्षर कुणाचं? पप्पांना विचारलं तर म्हणायचे, तो स्वतः सांगेल."

साठ वर्षं तो वाट बघत होता, आणि मी दर रविवारी त्याच्याकडे चहा पिऊन घरी येत होतो.